विहिरीच्या वरची जमीन

विहीर आटली की आपण विहिरीतच वाकून पाहतो, आणखी चार हात खोल खणतो. श्रोतेहो, पाणी येते ते कोठून, हा प्रश्न मागाहून सुचतो.

1972 च्या दुष्काळाने तो सबंध महाराष्ट्राला विचारायला लावला. त्याच सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. पुढे तिने राज्याची दीड हजारांवर पाणलोट क्षेत्रे आखली. गावाची शीव, तालुक्याची हद्द बाजूला ठेवून, ओढ्यानाल्यांच्या उतारावरून! पाणी काही तलाठ्याचे दप्तर पाहून वाहत नाही.

नकाशात प्रत्येक पाणलोटाचे तीन भाग दिसतात. डोंगरउतार ते अपधाव क्षेत्र. तेथे पाऊस थांबत नाही. नदीकाठची सखल जमीन ते साठवण क्षेत्र. विहिरींना पाणी लागते ते बहुधा इथे. या दोहोंमधला पट्टा म्हणजे पुनर्भरण क्षेत्र. आपला काळा दगड मुळात घट्ट. पाणी मुरते ते त्याच्या भेगांतून आणि झिजलेल्या मुरमाड थरातून. म्हणून आधी राखायचा तो हा पट्टा. शिक्षकांनी मुलांना घेऊन त्यातून एकदा चालून यावे. पुस्तकातल्या धड्याहून ते बरे.

पण लोकांच्या लेखी हीच जमीन हलकी. मुरूम काढायलाही हीच पुढे. 1993 च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घ्यायला बंदी केली. ती विहीर भरणारी जमीन मात्र पुष्कळदा त्याही पलीकडे, वरच्या अंगाला असते. तिचा मालक वेगळा. कधी गावही वेगळे.