मेजावरचे ऊन

खानदेशातले ऊन हा काही कौतुकाचा विषय नव्हे. वैशाखात भर दुपारी जळगावच्या रस्त्याने अनवाणी चाललेल्या माणसाला त्यावर निबंध लिहायला सांगितला, तर तो जे लिहील ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. पण या उन्हाचा एक गुण आहे आणि तो सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. ते पंक्तिभेद करीत नाही. तापीकाठच्या केळीवर जेवढे पडते, तेवढेच धुळ्याला पांझरेच्या वाळूवर. धाब्यावर वाळत घातलेल्या मिरच्या अंगणातल्या मिरच्यांपेक्षा सूर्याला दहा हात जवळ असतात. म्हणून त्यांच्या वाट्याला ऊन काही अधिक येत नाही.

पणतीचे तसे नाही. उंबरठ्यावर पणती ठेवली की तिच्या पुढ्यातली रांगोळी उजळते, पायरी अर्धवट दिसते आणि तुळशीवृंदावन अंधारातच राहते. पणतीला जवळचे आणि लांबचे कळते, सूर्याला कळत नाही. असे का व्हावे, हा प्रश्न साधा आहे. पण त्याचे नेमके उत्तर मिळायला इसवी सनाचे सतरावे शतक उजाडावे लागले.

ग्रहांच्या वाटा शोधून काढणारा केप्लर आपल्याला शाळेत भेटलेला असतो. तो प्राग येथे राजज्योतिषी असताना १६०४ साली त्याने प्रकाशावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात हे उत्तर आहे. मी मॅट्रिक. त्यापुढचे गणित मला कोणी शिकवले नाही. पण या नियमाला ते लागतही नाही. वीतभर लांब, वीतभर रुंद असा पुठ्ठा घ्यावा आणि पणतीपासून एका हातावर धरावा. पणतीपासून दोन हातांवर भिंत असेल, तर तिच्यावर त्याची सावली दोन विती लांब आणि दोन विती रुंद पडते. म्हणजे चार पुठ्ठ्यांएवढी. पुठ्ठ्याने जेवढा उजेड अडवला, तेवढाच भिंतीवरच्या त्या चौपट जागेत वाटला जाणार होता. म्हणून दुप्पट अंतरावर उजेड निम्मा होत नाही, चतकोर होतो. तिप्पट अंतरावर नववा हिस्सा, चौपट अंतरावर सोळावा. उजेड मध्ये कुठे मरत नाही की थकत नाही. वाटेकरी वाढतात, एवढेच.

सूर्याचे अंतर आहे सुमारे १५ कोटी किलोमीटर. त्यात धाब्याचे दहा हात कोणाच्या हिशेबात येणार?

हा नियम पणत्यांवर पडताळून पाहता येतो, आणि दिवाळीइतका चांगला मुहूर्त त्याला दुसरा नाही. उजेडाच्या मोजणीचा पाया १७२९ साली बुगे नावाच्या फ्रेंच गृहस्थाने घातला. त्याने एक शहाणपणाची गोष्ट ओळखली होती. हा उजेड त्या उजेडाच्या किती पट, हे डोळ्याला सांगता येत नाही. दोन उजेड सारखे आहेत की नाहीत, एवढे मात्र तो अचूक सांगतो. मेणबत्तीची तुलना करीत करीत त्याने सूर्याचा उजेड पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे तीन लाख पट आहे, इथपर्यंत मजल मारली. पुढे एकोणिसाव्या शतकात बुन्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने युक्ती आणखी सोपी केली. पांढऱ्या कागदावर तेलाचा एक थेंब जिरू द्यावा. अंधाऱ्या खोलीत तो कागद उभा धरून एका बाजूला एक पणती ठेवावी आणि दुसऱ्या बाजूला तसल्याच चार पणत्या अगदी खेटून. कागद मागेपुढे करावा. एका जागी तेलाचा डाग जवळजवळ दिसेनासा होतो. तिथून दोन्हीकडची अंतरे मोजली, तर चार पणत्या एका पणतीच्या दुप्पट लांब असलेल्या आढळतात. वाती सारख्या हव्यात, आणि कागद मोठ्या माणसाने धरावा.

आता ही झाली शाळेतली मौज. पण हाच नियम माणसांच्या तोंडावर कसा उतरतो, ते मी एका स्नेहसंमेलनात पाहिले आहे. कार्यक्रम लांबला, अंधार पडला आणि मग वर्गाचा फोटो काढायचे ठरले. पहिल्या ओळीत खुर्च्यांवर पाहुणे, संस्थेची मंडळी आणि आम्ही मास्तर. मधल्या दोन ओळींत गावातली मुले. आणि सर्वांत मागे बाकावर उभी केलेली वसतिगृहातली उंच मुले, बहुतेक शिरपूरकडच्या डोंगरातून आलेली. फोटोग्राफर पहिल्या ओळीपासून आठ फुटांवर असेल, शेवटची ओळ सोळा फुटांवर. फ्लॅशचा लख्ख उजेड पडला. फोटो आला तेव्हा पाहुण्यांची तोंडे चुना लावल्यासारखी पांढरी आणि मागची मुले म्हणजे नुसते डोळे आणि दात. गावातल्या मुलांच्या घरी फोटोंना तोटा नाही. मागच्या मुलांपैकी काहींच्या घरी भिंतीवर लागणारा हा एकच फोटो होता. त्यातला एक मुलगा कितीतरी वेळ त्यात स्वतःला शोधीत राहिला.

फोटोग्राफर मुद्दाम काही करीत नव्हता. आपला डोळा अंधाराशी जुळवून घेतो, मागच्या मुलांना तो त्या रात्रीही नीट पाहत होता. कॅमेरा जुळवून घेत नाही. पहिल्या ओळीवर शंभर वाटे उजेड, तर शेवटच्या ओळीवर पंचवीस, असा तो सरळ हिशेब होता. यावर तोडगा आहे, पण तो फुकट नाही. दिवा उचलून पहिल्या ओळीपासून चोवीस फुटांवर न्यावा. मग शेवटची ओळ बत्तीस फुटांवर येते आणि तिच्या वाट्याला पहिल्या ओळीच्या निम्म्याहून अधिक उजेड येतो. मात्र पहिल्या ओळीलाही आता पूर्वीच्या नवव्या हिश्श्यावर भागवावे लागते. म्हणजे सर्वांना सारखे द्यायचे, तर दिवा मोठा हवा, किंवा कॅमेऱ्याची खिडकी अधिक उघडायला हवी. ज्याच्यापाशी छोटा दिवा आहे तो जवळ येतो, आणि जवळ आला की पंक्तिभेद सुरू होतो.

लांबचे तोंड उजळायचे कसे, या प्रश्नाशी खानदेशच्या वेशीवर फार पूर्वी एक माणूस झगडला. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. मद्रास सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल याला १८४४ साली तिथल्या भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमण्यात आले. गिल म्हटले की वाचकांना पारू आठवते. तिची कथा आपल्या कवींनी सांगितली आहे. मला इथे गिलच्या उजेडाशीच काम आहे. त्याने वर्षानुवर्षे रंगवलेल्या नकला विलायतेला गेल्या आणि बहुतेक साऱ्या १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तोवर त्याने कॅमेराही हाती घेतला होता. लेण्यांची त्याने घेतलेली छायाचित्रे फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ साली पुस्तकरूपाने निघाली. पहिल्या क्रमांकाच्या लेण्याचा मंडप चौसष्ट फूट लांबरुंद आहे. त्या काळच्या मंद काचांवर इतक्या आतला अंधार उतरवणे म्हणजे काय, याची कल्पना मोबाइलवर बोट टेकवणाऱ्या आपल्याला येणे कठीण. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

लेण्यांतल्या वाटाड्यांना मात्र या अंधारावरचा उपाय ठाऊक होता. पूर्वी ते बाहेर उन्हात आरसा किंवा चकचकीत पत्रा धरीत आणि कवडसा आत भिंतीवर पाठवीत. ही गोष्ट दिसते त्याहून खोल आहे. साठ फुटांवरच्या भिंतीला मशाल दाखवली, तर एक फुटावरच्या मानाने तिचा छत्तीसशेवा हिस्सा पोचतो. आणि आरशाचा कवडसा? आरसा सपाट आणि हातभर असला, तर साठ फूट जाऊन कवडसा जेमतेम अर्धा फूट रुंदावतो, आणि त्याच्या मधला उजेड आरशाने स्वतः गिळला तेवढा सोडून तसाच राहतो. कारण तो आरशाचा उजेड नव्हेच, तो सूर्याचाच. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे, त्यात साठ फुटांची भर पडली. तिथेच आरशाऐवजी पांढरे धोतर धरले, तर उजेड मऊ येतो खरा, पण आता धोतर हाच दिवा झाला आणि पणतीचा नियम पुन्हा लागू झाला.

सूर्याला आत आणण्याची ही एक रीत झाली. दुसरी रीत अशी की सूर्य नाहीच, आणि तरी ऊन पाडायचे. ती पाहायची तर चाळीसगावला जावे लागते.

कैखुश्रू माणेकजी मूस, म्हणजे आपले केकी मूस, २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी घरात जन्मले. विल्सन कॉलेजात शिकले, इंग्लंडात शेफील्डला जाऊन कलेचे शिक्षण घेतले, जग पाहिले आणि चाळीसगावला येऊन राहिले. त्यानंतरची कित्येक दशके त्यांनी स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्याचा उंबरठा क्वचितच ओलांडला. त्यामागे एका वाट पाहण्याची कथा सांगतात. रात्रीच्या गाडीने येणार होती ती आली नाही. कथेला इथे एवढी जागा पुरे. बाहेर न जाणाऱ्या या माणसाने मेजावर देखावे मांडले, त्यांची छायाचित्रे घेतली आणि ती देशोदेशी नावाजली गेली. ‘टेबल-टॉप’ म्हणतात या प्रकाराला. कापसाचे बर्फ होते, मूठभर वाळूचे वाळवंट, काटकीचे झाड.

पुष्कळ लोक याला हातचलाखी समजतात. ते मला मान्य नाही. कापसाचे बर्फ करणे सोपे; अवघड असते ते त्यावरचे ऊन. समजा, मेज तीन फूट खोल आहे आणि दिवा पुढच्या कडेपासून एका फुटावर. मागच्या कडेवर उजेड सोळावा हिस्सा उरतो. पाहणाऱ्याने केप्लरचे नाव ऐकलेले नसते, पण त्याच्या डोळ्याने चुलीपाशी बसून हा नियम लहानपणीच पाठ केलेला असतो. इतक्या झपाट्याने उजेड ओसरला की डोळा बजावतो, हे मैलभर वाळवंट नव्हे, हे मेज आहे आणि दिवा इथेच कुठेतरी आहे. दिवा बारा फूट मागे नेला, तर मागच्या कडेवर चौसष्ट टक्के उजेड राहतो आणि मेजावर दुपार होते. उलट, देखावा रात्रीच्या झोपडीचा असेल तर दिवा जवळच हवा. तिथे ओसरणारा उजेडच झोपडीला ऊब देतो. दिव्याची जागा दोन हात चुकली की साऱ्या काटक्या पुन्हा काटक्या होतात.

मूस यांनी आपल्या घराला रेम्ब्रँटचे नाव दिले होते: ‘रेम्ब्रँट्स रिट्रीट’. त्या डच चित्रकाराचा जन्म १६०६ चा, केप्लरच्या ग्रंथानंतर दोनच वर्षांचा. त्याने तो ग्रंथ वाचला असेल असे मला वाटत नाही. पण त्याच्या चित्रांत कपाळ उजळलेले असते, हात त्याहून मंद, आणि कोपरापलीकडे अंधार. दिवा किती जवळ आहे ते त्या उतरणीवरून कळते.

मूस ३१ डिसेंबर १९८९ रोजी गेले. त्यांचे घर आता संग्रहालय आहे आणि चित्रे तिथेच आहेत. धुळ्याच्या गाडीसाठी चाळीसगावला उतरलेल्या माणसाच्या हाताशी तास-दोन तास असले, तर त्याने अवश्य जावे. मेजावरच्या एखाद्या देखाव्यासमोर उभे राहून आधी सावल्या पाहाव्यात. त्या एकमेकींना समांतर पडल्या असल्या, तर दिवा लांब. पंख्यासारख्या फाकल्या असल्या, तर जवळ. मग जमिनीवरचा उजेड पुढून मागे कसा उतरत गेला आहे ते पाहावे, आणि खोलीत दिवा कुठे ठेवला असेल त्याचा अंदाज बांधावा.