मामांचे घोडे आणि कायद्याचं कुंपण

आमच्या थोरल्या मामांना घोड्यांची फार आवड, असं मामी आम्हा मुलांना सांगायची. 'जुगार' हा शब्द तिच्या तोंडून कधी आला नाही. रेसच्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून गिरगावातून महालक्ष्मीला निघत. संध्याकाळी जिन्यावरच्या त्यांच्या पावलांवरून घरात निकाल कळे. पावसाळा आला की मामीचा जीव भांड्यात पडायचा, कारण शर्यती पुण्याला जायच्या! एका हिवाळ्यात तिच्या पाटल्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत. आता दोघंही नाहीत, म्हणून हे लिहितोय. घरच्या मंडळींनी रागावू नये.

खालच्या मजल्यावर गिरणीत कामाला असलेले एक गृहस्थ मटक्याचा आकडा लावायचे. पोलीस आले की ते मागच्या जिन्याने पसार. मामांकडे पोलीस कधीच आले नाहीत. पैसे दोघांचेही जात, मग एकच गुन्हेगार कसा? हे कोडं सोडवायला मला पन्नाशी गाठावी लागली.

इंग्रजांनी १८६७ साली जुगारबंदीचा कायदा केला. त्यात निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. मुंबई इलाख्याचा स्वतंत्र कायदा १८८७ चा. तोवर महालक्ष्मीचं रेसकोर्स उभं राहिलं होतं (१८८३). घोडे साहेबांचे आणि संस्थानिकांचे, तेव्हा कायद्यात त्यांच्यासाठी वाट ठेवली गेली. १९१२ साली रेसकोर्सना परवाने देण्याचा वेगळा कायदाही झाला. १९४३ ची पहिली इंडियन डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' घोडीने जिंकली, यावरून प्रेक्षागारात कोण बसत असेल ते ओळखा.

पण या वाटेला अटी होत्या. पैसे लावायचे ते शर्यतीच्याच दिवशी, रेसकोर्सवर आखून दिलेल्या जागेतच, आणि परवानाधारक बुकीकडे किंवा टोटवर. टोट म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करायचे, क्लबचा आणि सरकारचा वाटा आधी काढायचा आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. म्हणजे घोडा कुठलाही येवो, हे दोघे कधी हरत नाहीत!

तमिळनाडूने १९७४ साली शर्यतींवरचं बेटिंग बंद करणारा कायदा केला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९६ साली निकाल लागला: घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचं कूळ, तयारी, पाठीवरचं वजन, जॉकीचा हात... अभ्यास करणाऱ्याला अंदाज बांधता येतो. मामा हे ऐकून खूश झाले असते. रात्र रात्र रेसचं पुस्तक घेऊन बसायचे. पण त्या अभ्यासाने पाटल्या काही परत आल्या नसत्या.

क्रिकेटला ही सवलत कधी मिळाली नाही. सट्टा मात्र थांबला नाही. २००० साली हॅन्सी क्रोनिएचं प्रकरण निघालं, २०१३ साली आयपीएलमधलं स्पॉट फिक्सिंग. लोढा समितीने २०१६ मध्ये क्रिकेटवरचं बेटिंग कायदेशीर करावं असं सुचवलं. बंदी राबवता येत नसेल तर नियमन करा, असं २०१८ साली विधी आयोगानेही म्हटलं. दरम्यान मोबाइल आला. ओळखीतल्या एकाचा मुलगा क्रिकेटचे संघ लावता लावता कर्जात बुडाला. तिथेही 'हा कौशल्याचा खेळ आहे' हीच ढाल होती. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, कौशल्य असो वा नशीब. घोडे कायदेशीरच राहिले, फक्त पुढच्याच महिन्यात त्यांच्यावरचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला.

मला वाटतं, जुन्या कायद्यातलं शहाणपण कौशल्य की नशीब या वादात नव्हतंच. ते कुंपणात होतं. मामांना महालक्ष्मीला जावं लागे, चार लोकांच्या देखत रोख पैसे मोजावे लागत आणि शेवटची शर्यत संपली की घरी यावं लागे. पावसाळा तर पूर्ण सुट्टीचा. पुढे दुसऱ्या शहरांतल्या शर्यतींवरही इथे बसून पैसे लावता येऊ लागले, तेव्हाच त्या कुंपणाला पहिली फट पडली असावी. मोबाइलने ते उपटूनच टाकलं. त्या मुलासाठी पावसाळा कधी आलाच नाही.

अर्थात हे कुंपण ज्याला दुपार मोकळी मिळते त्याच्यासाठी होतं. पाळीवर जाणाऱ्या गिरणी कामगाराला गल्लीतला आकडाच परवडायचा, आणि पोलीसही त्याच्याच मागे लागायचे. कायदेशीर करा म्हणणाऱ्यांना आणि बंद करा म्हणणाऱ्यांना म्हणूनच माझा एकच प्रश्न आहे: तुमच्या कायद्यात मामीसाठी पावसाळा आहे का?

असो. पाटल्यांचं खरं कारण मामीने माहेरी शेवटपर्यंत सांगितलं नाही. हरवल्या म्हणाली होती.