बालवाडीतली वाडी

घरी आमची उर्दू. यवतमाळच्या बालवाडीत मला मराठी भेटली, आणि पुढे कविताही तिच्यातच झाली. वाडी म्हणजे वस्ती, तेव्हा बालवाडी ही मुलांची वस्ती, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो.

जर्मनीत फ्रोबेल यांनी १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ हा जोडशब्द घडवला. किंडर म्हणजे मुलं, गार्टन म्हणजे बाग. ती नुसती उपमा नव्हती. त्यांच्या मुलांना लावणीसाठी खरेच वाफे असत. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम मांडलं. त्या किनाऱ्यावर चिकूच्या बागेलाच वाडी म्हणतात! हे कळलं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती.

आमच्या बालवाडीपुढे झाड एकच, कडुनिंबाचं. पण मराठीची पहिली अक्षरं मी त्याच्याच सावलीत गिरवली.