यंत्राला विचारायचं कसं? प्रॉम्प्टचा इतिहास आणि पुढचा काळ

मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ जिन्यात भेटले. म्हणाले, "सर, नात बी.कॉम. झाली. आता प्रॉम्प्ट इंजिनिअरिंगचा कोर्स करायचा म्हणते. फी बरीच आहे. भरू का?" मी तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. एका शब्दात उत्तर द्यायची सवय नाही. म्हटलं, पुढच्या वेळी या, सांगतो. ते आज आले आहेत, दुसऱ्या रांगेत बसले आहेत. तेव्हा आजचं व्याख्यान त्यांच्यासाठी.

आधी शब्दाकडे बघू. प्रॉम्प्टर आपल्याला नाटकामुळे ठाऊक आहे. विंगेत उभं राहून, नट अडला की पुढचं वाक्य हळूच सांगणारा माणूस. संगणकात हा शब्द आला तेव्हा प्रॉम्प्ट देत होतं यंत्र. काळ्या पडद्यावर एक खूण लुकलुकायची, म्हणजे "मी तयार आहे, आता तुम्ही बोला". आज आपण यंत्राला जे लिहून देतो त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. म्हणजे विंगेत आता आपण उभे आहोत आणि रंगमंचावर यंत्र आहे. ही अदलाबदल कशी झाली, ते पाहिलं पाहिजे.

सुरुवात एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये करू. चार्ल्स बॅबेज हे गणनयंत्राची रचना करणारे गणितज्ञ. १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत ते सांगतात, की संसदेच्या सदस्यांनी त्यांना दोनदा विचारलं होतं : यंत्रात चुकीचे आकडे घातले तर उत्तर बरोबर येईल का? असा प्रश्न पडण्यासाठी डोक्यात कसला गोंधळ असावा लागतो, हेच बॅबेजना कळेना. आपण हसतो. पण आज अर्धवट प्रश्न टाकून पूर्ण उत्तराची अपेक्षा करणारे आपण सगळे त्या सदस्यांचेच वारस आहोत, बरं का.

त्याआधी, १८४३ साली, एडा लव्हलेस यांनी बॅबेजच्या नियोजित यंत्रावर टिपणं लिहिली. त्यांचं म्हणणं असं, की हे यंत्र स्वतःहून काही निर्माण करण्याचा दावा करत नाही; आपल्याला जे आज्ञेत मांडता येतं, तेवढंच ते करतं. यात एक गोष्ट सहज निसटते. आज्ञा देणाऱ्याला आपल्याला काय हवंय ते नेमकं माहीत असलं पाहिजे, हे त्यात गृहीत आहे. १९५० साली अ‍ॅलन ट्युरिंग यांनी 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात यंत्राच्या विचारशक्तीवर लेख लिहिला, आणि लव्हलेसबाईंचा हा आक्षेप त्यात मुद्दाम घेतला. त्यांचं उत्तर असं, की यंत्रं मला वारंवार चकित करतात. कारण आपण दिलेल्या आज्ञेचे सगळे परिणाम आपल्याला आधी दिसत नाहीत.

आता या इतिहासात पुन्हा पुन्हा घडणारी एक गोष्ट सांगतो. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान ही भाषा तयार केली. १९५४ सालच्या प्राथमिक अहवालात त्यांना आशा होती, की या भाषेमुळे कोडिंग आणि चुका शोधणं जवळजवळ संपेल. १९५७ मध्ये फोरट्रान आली. १९५९-६० च्या सुमारास कोबोल आली, तीही साध्या इंग्रजीच्या जवळ जाणारी, व्यवहारातल्या माणसाला वाचता यावी अशी. मग प्रोग्रामर संपले का? उलट वाढले. यंत्राच्या आकड्यांतली भाषा पाठ असणाऱ्यांची मिजास तेवढी संपली. समस्या नीट मांडायचं काम मात्र जिथल्या तिथं राहिलं.

दुसऱ्या बाजूची गोष्ट १९६६ ची. अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा कार्यक्रम प्रसिद्ध केला. मानसोपचारतज्ज्ञासारखा तो समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचा. आत समज अशी काही नव्हती, शब्दांचे साचे होते. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीने तो तयार होताना डोळ्यांनी पाहिला होता. तरी त्याच्याशी बोलू लागल्यावर तिने साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! ते हादरले, आणि १९७६ मध्ये त्यांनी या विषयावर एक अस्वस्थ करणारं पुस्तक लिहिलं. यंत्र माणसासारखं बोलू लागलं की आपला संशय ढिला पडतो, हे तेव्हाच दिसून आलं होतं.

आता आपल्या काळात येऊ. मे २०२० मध्ये जीपीटी-३ या मॉडेलवरचा शोधनिबंध आला. १७५ अब्ज घटकांचं मॉडेल. त्यात असं दिसलं, की प्रश्नाबरोबर दोन-चार सोडवलेली उदाहरणं दिली, की यंत्र नव्याने न शिकवताही तसं काम करून दाखवतं. मे २०२२ मध्ये टोकियो विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी आणखी मौज दाखवली. उत्तराआधी "टप्प्याटप्प्याने विचार करू या" अशा अर्थाचं एक वाक्य जोडलं, तर अंकगणिताच्या एका प्रश्नसंचावर त्या वेळच्या एका मोठ्या मॉडेलची अचूकता १७.७ टक्क्यांवरून ७८.७ टक्क्यांवर गेली. एका वाक्याने! त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी आलं, आणि लोकांना वाटलं की मंत्र सापडला. कोर्स निघाले ते तेव्हापासून.

आणि पुढे काय झालं? सप्टेंबर २०२४ मध्ये उत्तर देण्याआधी स्वतःच विचार करणारी मॉडेलं बाजारात आली. त्यांच्यासोबतची सूचना अशी, की यांना "टप्प्याटप्प्याने विचार कर" असं सांगू नका, साधं विचारा. म्हणजे मंत्राचं आयुष्य भरलं जेमतेम सव्वादोन वर्षं. फोरट्रानच्या वेळी जे झालं तेच. युक्ती यंत्रात मुरली.

मग उरलं काय? इथे मला न्यायदर्शनाची आठवण होते. गौतमाने सोळा पदार्थ सांगितले. त्यात प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर लगेच येतात संशय, प्रयोजन आणि दृष्टान्त. चांगल्या प्रश्नाचं साहित्य हेच नाही का? मला नेमकी शंका कशाची आहे, उत्तर कशासाठी हवंय, आणि "अशा प्रकारचं" म्हणजे कसं, याचं उदाहरण. आजचे प्रॉम्प्टचे वर्ग जे टिकाऊ शिकवतात ते एवढंच. बाकीच्या युक्त्या पुढच्या आवृत्तीत शिळ्या होतात.

न्यायातली आणखी एक गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. शब्द हे प्रमाण केव्हा? तो आप्ताचा असेल तेव्हा. आप्त कोण? ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. यंत्राने काही पाहिलेलं नाही, आणि त्याला इच्छा आहे असं म्हणायला आधार नाही. म्हणून ते आप्त नव्हे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी न्यायालयात दिलेले काही निवाडे अस्तित्वातच नव्हते. चॅटजीपीटीने ते रचले होते. जूनमध्ये त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला. यातला एक तपशील फार बोलका आहे. त्यातल्या एका वकिलाने यंत्रालाच विचारलं होतं, "हा खटला खरा आहे का?" यंत्र म्हणालं, हो. त्याचं वाक्य ठीक होतं, पण साक्षीदार चुकीचा निवडला. याला प्रॉम्प्टचा कोणताही कोर्स उपाय नाही. ग्रंथालयात जाऊन पाहणं हाच उपाय होता.

आता पुढच्या काळाविषयी. अर्थशास्त्राचे इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये विजेचं उदाहरण दिलं. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ चं. पण अमेरिकेतल्या कारखान्यांना विजेचा खरा फायदा दिसला तो १९२० च्या दशकात. का? आधी त्यांनी वाफेचं इंजिन काढून त्याच जागी विजेची मोटर बसवली. छताखालचे लांब दांडे आणि पट्टे तसेच राहिले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देऊन कारखान्याची मांडणीच बदलली, तेव्हा फळ मिळालं. बुद्धिमत्तेच्या यंत्राचंही तेच होणार, असा माझा अंदाज आहे. कचेरीत जुन्याच फायलींवर यंत्र बसवून फार काही होणार नाही. काम कोण करील, ते कोण तपासील, चूक झाली तर सही कोणाची, हे नव्याने ठरवावं लागेल. त्याला वर्षं लागतील.

आपल्या भाषेचाही प्रश्न आहे. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला, प्रचलित युनिकोड पद्धतीत, तीन बाइट लागतात; साध्या इंग्रजी अक्षराला एक. सुरुवातीच्या मॉडेलांमध्ये मराठी वाक्याचे तुकडे इंग्रजीपेक्षा खूप जास्त पडायचे, आणि दर तुकड्यामागे पैसे. म्हणजे तोच प्रश्न मराठीत महाग. हे आता सुधारतंय. केंद्र सरकारने २०२२ मध्ये भारतीय भाषांसाठी 'भाषिणी' सुरू केलं, त्यात मराठी आहे. तरी शेतकऱ्याने आपल्या बोलीत विचारावं आणि यंत्राला कळावं, यासाठी त्या बोलीतला मजकूर आधी असावा लागतो. तो आपणच निर्माण करायचा आहे.

तर काका, तुमचं उत्तर. नात चार दिवस यंत्र चालवायला शिकते म्हणाली तर जरूर शिकू दे, पण मोठी फी भरू नका. तिला हिशेब येतो, ती बी.कॉम. आहे. तिला सांगा, स्वतः पूर्वी तपासलेला एक ताळेबंद घे, यंत्राला त्यावर प्रश्न विचार, आणि उत्तरात चूक कुठे आहे ते शोध. महिनाभर हे करू दे. चूक सापडायला लागली, की तिला कोर्सची गरज आहे का, ते तीच तुम्हाला सांगेल.

आता प्रश्न असतील तर घेऊ. नेमके विचारा म्हणजे झालं.