तीमथ्याची सुंता

सुंता करून घ्याल तर ख्रिस्ताचा उपयोग नाही, असं पौल गलतीकरांना ठणकावतो. पत्र साधारण इसवी सन ५०च्या आसपासचं. येशूला मानणाऱ्या बिगरयहुद्यांनी मोशेचं नियमशास्त्र पाळायचं का, यावरून तेव्हा जोरदार भांडण होतं. ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये यरुशलेमची बैठक त्यांना सुंतेतून सूट देते. आणि पुढच्याच अध्यायात हाच पौल तीमथ्याची सुंता करतो! कारण काय, तर तिथले यहुदी. तीमथ्याचे वडील ग्रीक, आई यहुदी. काही अभ्यासकांच्या मते लेखकानं पौलाला मवाळ करून टाकलं. मलाही तेच वाटायचं. पण यहुद्यांसाठी मी यहुद्यासारखा झालो, हे करिंथकरांना पौलानं स्वतःच कळवलंय. तीमथ्याला काय वाटलं, ते मात्र कृत्यांत कुठेच नाही.