निशाउड्डाण, सागर आणि हरवलेले क्षितिज

हिंगणा-सोनेगाव परिसराच्या आकाशाला निशाउड्डाणाचा परिचय जुना आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परत जात. भूमीवरून होणाऱ्या अशा उड्डाणात गावोगावचे दिवे वैमानिकास काही आधार देतात. सागरावर तोही लाभत नाही. अंधाऱ्या रात्री आकाश व पाणी एकरूप होतात, क्षितिज लोपते, आणि विमान हळूहळू कलू लागले तर तो कल अंतःकर्णास जाणवतोच असे नाही. अशा वेळी कल दाखविणारे यंत्र हेच वैमानिकाचे क्षितिज होय.

तेच यंत्र बिघडले तर काय होते, हे १ जानेवारी १९७८ रोजी दिसून आले. त्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान सांताक्रूझहून दुबईकडे निघाले. उजवीकडे वळल्यानंतर ते पुन्हा सरळ झाले. तरी कप्तानापुढील यंत्र उजवा कलच दाखवीत राहिले. त्याने विमान डावीकडे झुकविले. त्या यंत्रावर विसंबू नये, असा इशारा उड्डाण-अभियंत्याने दिला. परंतु उंची अल्प असल्याने सावरण्यास अवकाश उरला नव्हता. उड्डाणानंतर अवघ्या १०१ सेकंदांत विमान वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळले व त्यातील सर्व २१३ जण मृत्यू पावले.

२४ मार्च २०१५ रोजी रात्री दहाच्या सुमारास गोव्याच्या नैर्ऋत्येस नौदलाचे एक लहान डॉर्निअर विमान प्रशिक्षण-उड्डाणात असताना समुद्रात कोसळले. तिघा अधिकाऱ्यांपैकी एकास मच्छीमार नौकेने वाचविले. दोघे मृत्युमुखी पडले. त्यांतील लेफ्टनंट किरण शेखावत या कर्तव्य बजावताना प्राण गमावणाऱ्या नौदलाच्या पहिल्या महिला अधिकारी होत.

काळोख व सागर या दोन्ही घटनांत समान आहेत. म्हणून कारणही समान मानणे अभ्यासकास शोभणार नाही. तसेच ‘वैमानिकाची चूक’ या दोन शब्दांत १९७८ चा वृत्तान्त मिटविणेही अपुरे होय. चूक घडली खरी. परंतु डोळ्यांपुढील क्षितिज खोटे ठरले असता ती घडली. इतिहासकाराने निवाडा देण्यापूर्वी त्या क्षणी त्या माणसास काय दिसत होते, हे प्रथम पाहिले पाहिजे.