धावेपासून टायरपर्यंत

मोटारीला नवी चाके नि नवा भोंगा बसवून मिरवणारे हौशी लोक शहरांत पुष्कळ. आमच्या बीड जिल्ह्यात ही कारागिरी चालली ती बैलगाडीवर, आणि पोटासाठी. पूर्वी चाक म्हणजे बाभळीचा तुंबा, आरे, पुठ्ठे. त्यांवर लोहार लालबुंद तापवलेली धाव चढवी आणि पाणी ओतताच ती आवळून बसे. तो चरचराट अजून माझ्या कानांत आहे.

मग टायर आला. १८८८ साली डनलॉप नावाच्या एका गुरांच्या डॉक्टराने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. मूळ खटाटोप मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी! आमच्याकडे टायरगाडीचेच नाव ‘डनलॉप’ पडले. दसरा जवळ आला, की ऊसतोडीला निघणारा गाडीवान अंगणातच बेअरिंगला वंगण भरतो, फाटल्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा लावतो. गाडी हलकी झाली, तसा ऊस अधिकच चढला; मानेवरचा भार बैलांचा बैलांपाशीच राहिला. २०२२ साली इस्लामपूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी जुवाखाली आधाराचे एक चाक बसवून दाखवले. ते आमच्या एकाही अंगणात सुचले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

दिवाळी सरली, की माझ्या वर्गातली काही मुले त्याच गाड्यांवर भांड्याकुंड्यांत बसून जातात. हजेरीपटावर त्यांची नावे मी तशीच ठेवतो.